परड्यातलं ट्रॅक्टरचं शेड

आमच्या तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यात कुठल्याही गावात गेलात तरी एक गोष्ट दिसेल. घर नवं, आरसीसीचं, पुढे ग्रॅनाइटच्या पायऱ्या. आणि बाजूला लिंबाखाली उघड्यावर उभा असलेला छोटा ट्रॅक्टर. त्याच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स टाकलेला असतो आणि त्याची टोकं दगडांनी दाबलेली असतात. द्राक्षाची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, झाली की घरात पैसे यायच्या आधी ज्याचा हप्ता भरावा लागतो, ते यंत्र ऊन-पावसात उभं असतं. मला हे फार खटकतं.

जुन्या घरांत असं नव्हतं. घर बांधायला काढलं की गोठा कुठं बसतो ते आधी ठरायचं, मग सोपा, मग माजघर. बैलाच्या अंगावर पाऊस पडतोय आणि घरधनी आत जेवायला बसलाय, हे गावात खपत नव्हतं. बेंदराला शिंगं रंगवायची ती एका दिवसाची हौस. वर्षभराची काळजी म्हणजे डोक्यावरचं छप्पर आणि पायाखालची कोरडी जमीन. आता बेंदूर मातीच्या बैलांवर भागतो आणि खंडेनवमीला ट्रॅक्टरच्या बॉनेटला हार घालतो. पण नव्या घराच्या नकाशात त्याला जागा कुणी ठेवत नाही. आमच्याही घराच्या नकाशात ती नव्हती. म्हणून मागच्या परड्यात, शक्य तेवढ्या कमी खर्चात शेड उभं करायचं ठरवलं. ते करताना जे शिकलो ते सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण या कामात पैसा कुठं वाचवायचा आणि कुठं अजिबात वाचवायचा नाही, याची आपल्याकडे जवळजवळ उलटी समजूत आहे.

आधी ट्रॅक्टरबद्दल थोडं. द्राक्षबागेत दोन ओळींत साधारण नऊ फूट अंतर असतं, त्यातही दोन्ही बाजूंनी वेलाचे हात पुढे आलेले. तिथं मोठा ट्रॅक्टर चालत नाही. म्हणून अठरा-वीस अश्वशक्तीचा, चार फुटांपेक्षाही कमी रुंदीचा छोटा ट्रॅक्टर लागतो. एप्रिलच्या खरड छाटणीपासून ऑक्टोबरच्या फळछाटणीपर्यंत, आणि पुढं माल उतरेपर्यंत, त्याच्यामागं कधी माती फिरवणारा रोटर, कधी फवारणीचा ब्लोअर, कधी छोटी ट्रॉली असते. फळछाटणीनंतरच्या दिवसांत तर रोज फवारणी. डाउनी या बुरशीच्या रोगाला एक रात्र पुरते, त्यामुळं सकाळी सहाला स्टार्टर मारला आणि इंजिन चालू झालं नाही, तर ते नुकसान गॅरेजच्या बिलात मोजता येत नाही, ते बागेत मोजावं लागतं.

आणि ट्रॅक्टर बंद पडण्याची कारणं बहुतेक वेळा तो चालताना तयार होत नाहीत, उभा असताना होतात. टायरच्या बाजूला बारीक भेगा पडतात त्या उन्हानं. छोट्या ट्रॅक्टरचे टायर वापरून झिजण्याआधी उन्हानं तडकलेले मी किती तरी पाहिलेत. डिझेलची टाकी अर्धी रिकामी असली की रात्री गार झालेल्या पत्र्याला आतून घाम सुटतो, ते पाणी डिझेलपेक्षा जड म्हणून तळाला बसतं, आणि तिथून फिल्टर, पंप, नोझल असा त्याचा प्रवास सुरू होतो. पावसाळ्यात ट्रॅक्टर उभा करायचा असेल तर टाकी भरून उभा करावा, हे म्हणूनच. बॅटरीची वजा बाजूची केबल आधी सोडून ठेवली तर ती बरी टिकते. उंदीर आणि खारी एअर क्लीनरच्या तोंडात कापूस-चिंध्यांचं घर करतात आणि वायरी कुरतडतात. फ्लेक्समुळं यातलं काहीच थांबत नाही. उलट पावसाळ्यात जमिनीतली ओल वर येते, फ्लेक्सखाली अडकते, आणि आत सगळं दमट राहतं. पाऊस वरून लागत नाही एवढंच. गंजाला मात्र हवा तेवढा ओलावा मिळतो. वर आडोसा आणि बाजूंनी खेळती हवा, दोन्ही एकदम हवं. म्हणजे छप्परच हवं.

सामानाचा प्रश्न आमच्याकडे दुःखद रीतीनं सुटलेला होता. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी पावसानं द्राक्षपट्ट्याची जी दशा केली ती इथं कुणाला सांगायला नको. फुलोऱ्यातल्या बागांत पाणी साचलं, घड कुजले, गळाले. त्यानंतरची दोन-तीन वर्षंही सुखाची गेली नाहीत, आणि शेवटी आम्ही अर्धी बाग काढली. आमच्या आबांनी स्वतः लावलेली, तास-ए-गणेश या द्राक्षजातीची बाग होती ती. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं तेव्हाची. वेल तोडताना आबा शेतात आले नाहीत. पण वेलांना पेलणारा अँगल-तारांचा मांडव उतरवायला आले. तारा कुणी वेड्यावाकड्या गुंडाळू नयेत, अँगल वाकवून काढू नयेत, म्हणून दिवसभर उन्हात उभे राहिले. त्या बागेचे लोखंडी अँगल आणि तारेची भेंडोळी परड्यात भिंतीला लावून ठेवलेली होती. भंगारवाला दर चार-आठ दिवसांनी विचारून जायचा.

वेल्डिंगवाले मिस्त्री आले तेव्हा त्यांनी ढिगाकडं बघितलं आणि म्हणाले, "दादा, हे कशाला वापरताय? नवीन पाइप आणू, एका दिवसात सांगाडा उभा करतो."

आबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "एकराला दहा-बारा टन माल पेललाय या अँगलनी. तुझा पत्रा त्यास्नी जड होतोय व्हय?"

मिस्त्री हसले. पण पुढं जो विचार झाला तो या बोलण्यातूनच सुरू झाला. कारण खरंच, पत्र्याच्या शेडला पेलायला वजनच कितीसं असतं?

आमच्या शेडचं माप ठरलं बारा फूट रुंद आणि चौदा फूट खोल. रोटर जोडलेला ट्रॅक्टर पुढच्या तोंडानं सरळ आत जावा, आणि बाजूला माणसाला वाकून काम करता यावं, एवढं. छपराचा पत्रा चारी बाजूंनी थोडा बाहेर काढला तर क्षेत्र होतं दोनशे चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा पन्हळी पत्रा घेतला तर एवढ्या सगळ्या पत्र्याचं वजन शंभर किलोच्या आत-बाहेर भरतं. दोन धडधाकट माणसांपेक्षा जास्त नाही.

आता वारा बघू. इमारतींवर वाऱ्याचा जोर किती धरायचा हे भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात दिलेलं आहे. त्यात पुणे, नाशिक या शहरांसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. हा रोजचा वारा नव्हे. पन्नास वर्षांत कधी तरी येईल अशा झोताचा हा वेग. मी आमच्यासाठीही तोच धरला. वाऱ्याचा दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग करायचा आणि 0.6 नं गुणायचं. उत्तर येतं चौरस मीटरला सुमारे 910 न्यूटन, म्हणजे 93 किलो. साडेअठरा चौरस मीटरला हिशेब गेला सतराशे किलोंवर.

म्हणजे शंभर किलोचं छप्पर, आणि त्याला वर उचलायला बघणारी सतराशे किलोंची ओढ. वर ओढच का, तर वारा छपरावरून जाताना त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि पत्रा वर खेचला जातो. त्यात आपलं शेड पुढून उघडं. पुढून वारा शिरला की आतून वर ढकल, आणि वरून ओढ आहेच. दोन्ही मिळून दीडपट धरायला हरकत नाही. इंजिनिअर लोक यात उंचीचे, उताराचे, जागेचे वेगवेगळे गुणांक घालतात आणि आकडा वर-खाली होतो. पण कुठलाही गुणांक घातला तरी एक गोष्ट बदलत नाही. हे छप्पर पडेल म्हणून भिण्याचं कारण नाही. ते उडेल, हीच भीती.

हे कागदावर मांडल्यावर मला गावातली सगळी शेडं वेगळी दिसायला लागली. लोक खांब जाड घेतात, कारण जाड खांब बघायला भक्कम वाटतो. पत्रा मात्र पातळ, हुक बोल्ट चार पन्हळी सोडून एक, आणि खांबाखाली दोन घमेली काँक्रीट. मग वळवाचा पाऊस आला की पत्र्यावर दगड, जुने टायर, वाळूची पोती ठेवायची धावपळ. वीस-वीस किलोंचे दहा दगड ठेवले तरी दोनशे किलो झाले. हिशेब सतराशेचा आहे. शिवाय पत्रा एकदा हलला की तेच दगड खाली येतात, ते कुणाच्या डोक्यात बसतील सांगता येत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा कोकणात किती घरांची छपरं गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलं. भिंती उभ्या होत्या, वरचं नव्हतं.

आबांना मी हा हिशेब समजावून सांगितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डांब किती जाड त्यावर काय नसतंय. खाली काय पुरलंय ते बघायचं असतंय."

त्यांना हे मानक वाचून माहीत नव्हतं, मांडवावरून माहीत होतं. ज्यांनी द्राक्षाचा मांडव उभा करताना पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ओळीच्या दोन्ही टोकांचे खांब बाहेरच्या अंगाला कललेले असतात आणि त्यांना तारेचा ताण दिलेला असतो. त्या तारेचं खालचं टोक जमिनीत पुरलेल्या मोठ्या दगडाला बांधलेलं असतं. सगळ्या ओळीतल्या तारा याच दगडांच्या जिवावर ताठ राहतात. मधला एखादा अँगल वाकला तरी बाग उभी राहते, पण टोकाचा दगड उपसला की ओळच्या ओळ झोपते. माल भरलेला असताना वादळात बागा आडव्या झालेल्या आम्ही पाहिल्या आहेत, आणि त्यात आधी हार खाल्लेली असते ती बहुतेक वेळा जमिनीतल्या दगडानं. आबांनी लावलेल्या बागेचे ताणाचे दगड आम्हाला बाग काढताना जेसीबी लावून उपसावे लागले होते.

मग खड्ड्यांचं ठरलं. सहा खांब, सहा खड्डे, प्रत्येक दीड फूट बाय दीड फूट आणि तीन फूट खोल. एवढा खड्डा काँक्रीटनं भरला तर त्याचं वजन साडेचारशे किलो होतं. सहांचे मिळून पावणेतीन टनांच्या जवळ. दीडपट धरलेल्या ओढीला हे पुरून थोडं उरतं, शिवाय भोवतालच्या मातीची पकड वेगळी. आता कमी खर्चात हे कसं बसवायचं? इथं आपला काळा दगड कामाला येतो. काळा दगड काँक्रीटपेक्षाही जड असतो. विहिरीच्या वेळचा दगड बांधावर पडलेला होता. खड्ड्यात काँक्रीटचा थर, त्यात दगड दाबून बसवलेले, पुन्हा काँक्रीट, असं भरत आणलं. दगडाभोवती काँक्रीट नीट भरलं गेलं पाहिजे, पोकळी राहता कामा नये, एवढं बघितलं की सिमेंट बरंच वाचतं आणि वजन जराही कमी होत नाही. खांबाच्या पाइपाला तळाशी आडवी सळी वेल्ड केली, नाही तर काँक्रीट जागेवर राहतं आणि गुळगुळीत पाइप त्यातून निसटून वर येतो.

खोली तीन फूट घेण्याचं आणखी एक कारण होतं. परड्यात वर दीड-दोन फूट काळी माती आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर टेकलेला पाया वर्षातून दोनदा हलतो. खड्डा तिच्या खाली, पिवळ्या मुरमात गेला पाहिजे. पहार मारली की ठणका लागायला लागतो तिथपर्यंत. आमच्याकडे तो लवकर लागला. नदीकाठच्या गावात काळी माती वीस-वीस फूट असते, तिथं हा मार्ग चालणार नाही. तिथं जाणत्या माणसाला विचारूनच पाया घ्यावा.

काँक्रीट जमिनीच्या वर चार बोटं आणून त्याला बाहेरच्या बाजूला उतार दिला. लोखंडी खांब सडतो तो मधे कुठंही नाही, जमिनीला टेकतो तिथंच, कारण पाणी तिथं थांबतं. या चार बोटांचा खर्च जवळजवळ शून्य आहे आणि खांबाचं आयुष्य त्यानं कितीतरी वाढतं.

खांब म्हणून भंगारच्या दुकानातून तीन इंची जुने लोखंडी पाइप घेतले, कुठल्या तरी उपशाच्या लाइनीचे. वजनावर मिळाले. घेताना प्रत्येक पाइप हातोडीनं वाजवून घेतला. आतून खाल्लेला पाइप बद्द आवाज करतो. छपराच्या आडव्या आणि उतारावरच्या पट्ट्या, तिरके आधार, हे सगळं मांडवाच्या अँगलचं. अँगल बारीक होते म्हणून दोन-दोन जोडून घ्यावे लागले, आणि मिस्त्रींचा त्यात वेळ गेला, ते त्यांनी न कुरकुरता केलं. खांबांच्या मधे फुलीच्या आकारात मांडवाचीच तार ताणली. बाग उभी करताना तार ओढायचं जे अवजार असतं, ते आबांनी माळ्यावरून काढून दिलं आणि तार कुठवर ओढायची ते स्वतः बोटानं वाजवून सांगितलं.

अँगलवर मात्र एक काम आधी करावं लागलं. वर्षानुवर्षांच्या बोर्डोच्या फवारणीनं ते निळे-हिरवे झाले होते. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना, आणि मोरचुदात तांबं असतं. आपल्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. तांबं आणि जस्त ओलाव्यात एकमेकांना लागले की जस्त खाल्लं जातं. म्हणून सगळे अँगल तारेच्या ब्रशनं घासून, धुऊन, वाळवून त्यांना रेड ऑक्साइडचे दोन हात दिले, मगच पत्रा त्यावर चढवला. याच कारणानं ब्लोअर आता शेडात ओला येत नाही. बाहेर धुवायचा, निथळू द्यायचा, मग आत. खताची पोतीही इथं ठेवायची नाहीत, ती हवेतला ओलावा ओढतात आणि शेजारच्या लोखंडाला देतात. आणि जागा आहे म्हणून ट्रॅक्टर गोठ्यात उभा करणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की करू नका. जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया पत्र्यालाही खातो आणि यंत्रालाही.

पत्र्याबद्दल मला विशेष प्रेम आहे, तेव्हा थोडं थांबतो. लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडण्याचं पेटंट 1829 साली लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री रॉबिन्सन पामर या इंजिनिअरनं घेतलं. कल्पना किती साधी! कागद दोन टोकांना धरला तर मधे लोंबतो. त्याच कागदाला पंख्यासारख्या घड्या घातल्या की ताठ उभा राहतो. पुढं 1837 मध्ये फ्रान्समध्ये जस्ताच्या मुलाम्याचं पेटंट निघालं, आणि या दोन गोष्टी एकत्र आल्यावर जगभरच्या गरीब माणसाला हलकं, नेता येणारं, न कुजणारं छप्पर मिळालं. आमच्या गावात पत्रा येण्याआधी सपारं होती. उसाच्या पाचटाची, दर दोन-तीन वर्षांनी शाकारावी लागणारी, आणि एका ठिणगीत जाणारी. पत्र्याला उन्हाळ्यात तापतो म्हणून नावं ठेवणं सोपं आहे. पण सपार जळताना ज्यांनी पाहिलंय ते ठेवत नाहीत.

पत्रा घेताना जाडी मिलिमीटरमध्ये विचारावी. दुकानात 0.35 चाही मिळतो आणि तो स्वस्त दिसतो. आम्ही 0.50 चा घेतला. फरक टिकाऊपणाचा आहेच, पण त्याहून बोल्टच्या भोकाचा आहे. वादळात पत्रा एका झटक्यात फाटतो असं नाही. वारा झोताझोतानं येतो, पत्रा बोल्टभोवती वर-खाली, वर-खाली होतो, तिथं बारीक तडा जातो, तडा वाढतो, आणि मग बोल्ट जागच्या जागी राहून पत्रा त्याच्यातून निघून जातो. 1974 च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आलं आणि शहरातली बहुतेक घरं मोडली. त्यानंतरच्या तपासात छपरांच्या बाबतीत हेच कारण मोठ्या प्रमाणात पुढं आलं. म्हणून पातळ पत्र्याला जास्त बोल्ट मारून काम भागत नाही. आणि जाड पत्र्याला बोल्ट कमी मारले तर जाडीचे पैसे वाया जातात.

बोल्ट पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगट भागातून वाहतं. एका पत्र्यावर दुसरा चढवताना दीड पन्हळ, आणि लांबीत जोड असेल तिथं सहा इंच. आडव्या पट्ट्या चार-चार फुटांवर. पण सगळीकडे बोल्ट सारखेच मारायचे नसतात. वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते ती छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना. पत्रा उलगडायला सुरुवात तिथूनच होते. आम्ही कडेला एक पन्हळ सोडून एक बोल्ट घेतला आणि मधल्या भागात जरा विरळ. मिस्त्री वर चढून बोल्ट आवळत होते तेव्हा मी खालून सांगत होतो, वॉशर दबेल एवढंच, पत्रा चेपेल एवढं नको. चेपलेल्या जागी पाणी थांबतं.

दिशेचा निर्णय जागेनंच घेतला. आमच्याकडे मृगापासून वारा पश्चिमेचा, आणि दुपारचं ऊनही पश्चिमेचं. त्यामुळं पाठ पश्चिमेला, तोंड पूर्वेला. पुढची उंची नऊ फूट, मागची सात. म्हणजे चौदा फुटांत दोन फूट उतार, पाणी रेंगाळत नाही. मागच्या बाजूला पत्रा लावला, पण वर एक फूट फट सोडली, म्हणजे पुढून शिरलेल्या वाऱ्याला निघायला वाट राहते. उरलेल्या दोन बाजूंना जुन्या बेदाणा शेडची हिरवी जाळी. बेदाण्याची शेडं इतकी वर्षं बघतोय आपण: मजल्यावर मजले, उघड्या माळावर, आणि तरी उभी असतात, कारण जाळी वारा अडवत नाही, त्याला गाळून सोडते. वळवाचं वारं कुठल्या दिशेनं येईल त्याचा नेम नसतो, म्हणून सगळ्या बाजू बंद करण्याचा मोह आम्ही टाळला.

जमिनीला फरशी किंवा कोबा केला नाही. मुरूम टाकून, पाणी मारून, ट्रॅक्टरनंच दाबून घेतला, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट वर. ऑइल सांडलं तर तेवढा मुरूम काढून नवा टाकता येतो. पुढं कधी पैसे आले तर करू कोबा, घाई नाही.

पावसाचं पाणी कुठं जाणार हा प्रश्न बायकोनं पहिल्याच दिवशी विचारला होता. "अहो, सगळं पाणी माझ्या शेवग्याच्या बुडात सोडू नका, झाड आडवं होईल." तिचं बरोबर होतं. आमच्याकडे पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. पण तेवढ्या पावसातही या छपरावरून वर्षाला नऊ हजार लिटरच्या वर पाणी येतं, आणि ते सगळं मागच्या एकाच कडेनं. पाण्याचा पाइप उभा चिरून त्याची पन्हाळ केली आणि पाणी टाकीत नेलं. टाकी भरली की जादा पाणी चरीनं परड्याच्या दुसऱ्या टोकाला, केळीकडं. ट्रॅक्टर धुवायला आता त्याच टाकीतलं पाणी असतं. क्षारपड भागातल्या बोअरच्या पाण्यानं रेडिएटर भरायची सवय मोडली, हा न ठरवता झालेला फायदा.

सगळा खर्च तीस हजारांच्या थोडा वर गेला. त्यातला निम्म्याहून जास्त पत्रा, बोल्ट आणि सिमेंटवर. उरलेला पाइप आणि मजुरीवर. नव्या लोखंडात केलं असतं तर याच्या दुपटीच्या पुढं गेलं असतं. रंग, दरवाजा, फरशी यांवर एक रुपयाही घातला नाही, आणि जमिनीखाली जे गेलं त्यात एक घमेलंही कमी केलं नाही.

मागच्या मे महिन्यात वळवाचा एक मोठा पाऊस झाला. संध्याकाळी आभाळ लालसर झालं, धुरळा उठला, आणि पुढची वीस-पंचवीस मिनिटं लिंबाच्या फांद्या जमिनीला टेकत होत्या. मी दारातून शेडाकडं बघत होतो. पत्र्याचा आवाज येत होता, पण खडखडाट नव्हता. एक घट्ट, भरीव थरथर होती. दुसऱ्या दिवशी शिडी लावून कडेचे सगळे बोल्ट बघितले. दोन जरा सैल होते, आवळले. आता हे दरवर्षी मृगाच्या आधी आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर करायचं ठरलंय.

शेजारचे तात्या गेल्या आठवड्यात टेप घेऊन आले. त्यांच्या ट्रॅक्टरसाठी असंच शेड करायचंय. सगळं मापून झाल्यावर म्हणाले, "खड्डे दोन फुटांचे केले तर चालतील की. तेवढंच सिमेंट वाचंल." मी त्यांना म्हटलं, वाचवायचंच असेल तर शेडाची खोली दोन फूट कमी करा, बाजूची जाळी पुढच्या वर्षी लावा, पत्राही हवं तर दोन टप्प्यांत आणा; खड्ड्याला हात लावू नका. ते जरा नाराज झाले. आबा ओट्यावरून उतरून आले, तात्यांना परड्याच्या कोपऱ्यात घेऊन गेले आणि तिथं पडलेले, बाग काढताना उपसलेले ताणाचे दगड दाखवले. "हे घिऊन जा," म्हणाले. "सहाच्या सहा खड्ड्यांत एकेक घाल. सिमेंट वाचतंय आणि वजन बी व्हतंय." उद्या तात्यांची ट्रॉली येतेय दगड न्यायला.